पत माहिती अहवालातील थकबाकी आणि न्यायालयीन नोंदी

पत माहिती अहवाल म्हणजे एखाद्या व्यक्तीने बँका व वित्तसंस्थांकडून घेतलेली कर्जे, क्रेडिट कार्डे आणि त्यांची परतफेड यांचा एकत्रित वृत्तान्त होय. भारतात हा अहवाल पत माहिती कंपन्या तयार करतात. त्यांचे कामकाज पत माहिती कंपन्या (नियमन) अधिनियम, २००५ आणि भारतीय रिझर्व्ह बँकेचे निर्देश यांनुसार चालते. बोलीभाषेत या अहवालाला आणि त्यातील गुणांकाला सरसकट 'सिबिल' असे म्हटले जाते. प्रत्यक्षात सिबिल हे अशा चार कंपन्यांपैकी एकीचे नाव आहे.

कर्ज थकल्यास अहवालात थकबाकीचे दिवस, कर्जाचे वर्गीकरण, निर्लेखन, तडजोड आणि दावा दाखल झाल्याची स्थिती अशा नोंदी होतात. न्यायालयाचा निवाडा किंवा हुकूमनामा मात्र भारतीय अहवालात स्वतंत्र नोंद म्हणून येत नाही. अहवालात काय दिसावे हे न्यायालय कळवत नाही, कर्ज देणारी संस्था कळवते. निवाडा, कर्जाची मुदतबाह्यता आणि अहवालातील नोंद या तीन बाबी परस्परांपासून वेगळ्या असल्यामुळे कर्जदार आणि जामीनदार यांच्यात त्यांविषयी अनेक गैरसमज आढळतात.

पार्श्वभूमी

ग्राहकाच्या खात्याविषयी गोपनीयता पाळणे हे बँकेचे परंपरागत कर्तव्य मानले जाते. त्यामुळे एका बँकेचे कर्ज बुडवणारी व्यक्ती दुसऱ्या बँकेकडे गेल्यास तिचा पूर्वेतिहास समजण्याची सोय नव्हती. यावर उपाय सुचवण्यासाठी रिझर्व्ह बँकेने १९९९ मध्ये एन. एच. सिद्दिकी यांच्या अध्यक्षतेखाली कार्यगट नेमला. त्यानंतर ऑगस्ट २००० मध्ये मुंबईत क्रेडिट इन्फर्मेशन ब्युरो (इंडिया) लिमिटेड, म्हणजेच सिबिल, ही कंपनी स्थापन झाली. वैयक्तिक कर्जदारांच्या माहितीचे काम २००४ मध्ये सुरू झाले.

आरंभी ही व्यवस्था कर्जदाराच्या लेखी संमतीवर अवलंबून होती. संमतीशिवाय माहिती देणे गोपनीयतेच्या बंधनात बसत नसे, म्हणून स्वतंत्र कायद्याची गरज भासली. २००५ चा अधिनियम १४ डिसेंबर २००६ पासून अमलात आला. त्याने प्रत्येक पतसंपादक संस्थेला, म्हणजे बँक, सहकारी बँक, बिगर बँकिंग वित्तीय कंपनी, गृहवित्त संस्था व क्रेडिट कार्ड कंपनी यांना, किमान एका पत माहिती कंपनीचे सदस्य होणे बंधनकारक केले. २०१० पासून इक्विफॅक्स, एक्सपेरियन आणि क्रिफ हाय मार्क या कंपन्याही या क्षेत्रात आल्या. सिबिल पुढे ट्रान्सयुनियन सिबिल या नावाने ओळखली जाऊ लागली. आदित्य पुरी समितीने २०१४ मध्ये माहितीचा नमुना सर्वत्र एकसारखा असावा आणि ग्राहकाला अहवाल मोफत मिळावा अशा शिफारशी केल्या. जानेवारी २०१५ मध्ये रिझर्व्ह बँकेने प्रत्येक पतसंपादक संस्थेला चारही कंपन्यांचे सदस्य होण्यास सांगितले.

अहवालाची रचना

अहवालात साधारणतः पुढील भाग असतात :

• ओळख व संपर्क : नाव, जन्मतारीख, पॅन व अन्य ओळखक्रमांक, पत्ते, दूरध्वनी क्रमांक.
• खाती : प्रत्येक कर्जाचा किंवा कार्डाचा प्रकार, मंजूर रक्कम, शिल्लक, थकीत रक्कम, खाते उघडल्याची व बंद झाल्याची तारीख.
• मालकीचा प्रकार : वैयक्तिक, संयुक्त, अधिकृत वापरकर्ता किंवा जामीनदार.
• परतफेडीचा इतिहास : महिनावार थकबाकीचे दिवस. सिबिलच्या अहवालात हा इतिहास ३६ महिन्यांपर्यंतचा असतो.
• चौकशी : कोणत्या संस्थेने कोणत्या तारखेला व कशासाठी अहवाल मागवला.

यांच्या आधारे ३०० ते ९०० या दरम्यानचा गुणांक काढला जातो. गुणांक हा अहवालाचा सारांश असून तो प्रत्येक कंपनी आपापल्या पद्धतीने काढते. कर्जासाठी किमान गुणांक किती असावा हे रिझर्व्ह बँकेने ठरवून दिलेले नाही. तो निर्णय प्रत्येक संस्थेच्या धोरणाचा भाग असतो. अहवालात बचत, ठेवी किंवा मालमत्ता यांचा तपशील नसतो. त्यामुळे भरपूर ठेवी असलेल्या परंतु कधीही कर्ज न घेतलेल्या व्यक्तीचा पतइतिहास कोरा असू शकतो.

थकबाकीची नोंद

दिवसांची मोजणी

हप्ता देय तारखेला भरला गेला नाही, तर त्या दिवसापासून खाते थकीत मानले जाते. अहवालात प्रत्येक महिन्यापुढे थकबाकीच्या दिवसांचा आकडा असतो. शून्य म्हणजे थकबाकी नाही. माहिती कळवलीच गेली नसेल तर त्या जागी 'एक्सएक्सएक्स' अशी खूण असते. ही खूण थकबाकीची नव्हे.

पहिल्या ३० दिवसांपर्यंतच्या थकबाकीला विशेष उल्लेखित खाते-०, त्यापुढे ६० दिवसांपर्यंत विशेष उल्लेखित खाते-१ आणि त्यापुढे ९० दिवसांपर्यंत विशेष उल्लेखित खाते-२ असे म्हणतात. ९० दिवसांची मर्यादा ओलांडल्यावर खाते अनुत्पादक ठरते. १२ नोव्हेंबर २०२१ च्या परिपत्रकात रिझर्व्ह बँकेने ही मोजणी उदाहरणाने स्पष्ट केली आहे. ३१ मार्च २०२१ रोजी देय असलेली रक्कम त्या दिवसाच्या अखेरीपर्यंत न आल्यास खाते त्याच दिवसापासून थकीत होते. रक्कम पुढेही न आल्यास ३० एप्रिलला ते दुसऱ्या गटात, ३० मे रोजी तिसऱ्या गटात आणि २९ जून रोजी अनुत्पादक वर्गात जाते.

नंतर भरलेली रक्कम सर्वांत जुन्या थकीत हप्त्यापोटी जमा होते. याचा परिणाम पुष्कळदा कर्जदाराच्या लक्षात येत नाही. समजा, दर महिन्याच्या ५ तारखेला हप्ता देय आहे. जानेवारीचा हप्ता चुकला आणि फेब्रुवारीपासून दरमहा एकेक हप्ता नियमित भरला. अशा वेळी फेब्रुवारीत भरलेली रक्कम जानेवारीच्या हप्त्याला जाते आणि फेब्रुवारीचा हप्ता थकीत राहतो. २८ फेब्रुवारीला अहवालात २३ दिवसांची थकबाकी दिसते, ३१ मार्चला २६ दिवसांची. एकच हप्ता चुकलेला असूनही मागे पडलेला तो हप्ता जादा भरेपर्यंत प्रत्येक महिन्यापुढे थकबाकीचा आकडा येत राहतो. त्याचप्रमाणे एकदा अनुत्पादक ठरलेले खाते व्याजासह सर्व थकबाकी भरल्यावरच पुन्हा प्रमाणित वर्गात येते. थोडी रक्कम भरून वर्ग बदलत नाही.

क्रेडिट कार्ड

कार्डाच्या बाबतीत २०२२ च्या निर्देशांनी काही संरक्षण दिले आहे. देय तारखेनंतर तीन दिवसांहून अधिक काळ रक्कम थकली तरच ती थकीत म्हणून कळवता येते. दिवसांची मोजणी मात्र मूळ देय तारखेपासूनच होते. कार्डधारकाला थकबाकीदार म्हणून कळवण्यापूर्वी त्याला सात दिवसांची सूचना देणे आवश्यक असते. कळवल्यानंतर त्याने रक्कम भरली, तर भरणा झाल्यापासून ३० दिवसांच्या आत स्थिती सुधारून कळवावी लागते.

वर्गीकरण

अनुत्पादक खाते पहिले १२ महिने 'निम्नप्रमाणित', त्यानंतर 'संशयित' आणि वसुलीची शक्यता उरली नाही असे ठरल्यास 'बुडीत' या वर्गात ठेवले जाते. शेतीकर्जांना ९० दिवसांऐवजी पीकहंगामाचे माप लावले जाते. अल्प मुदतीच्या पिकांसाठीचे कर्ज दोन हंगाम आणि दीर्घ मुदतीच्या पिकांसाठीचे कर्ज एक हंगाम थकल्यास अनुत्पादक ठरते.

निर्लेखन, तडजोड आणि पुनर्रचना

थकीत खाते पुढे कोणत्या वाटेने गेले हे अहवालातील स्वतंत्र रकान्यात नोंदवले जाते. त्यातील मुख्य नोंदी अशा :

निर्लेखित : बँकेने आपल्या ताळेबंदातून कर्ज काढून टाकले आहे. ही बँकेची हिशेबी कृती असून तिने कर्जदाराचे दायित्व संपत नाही आणि वसुलीची कारवाई सुरू राहू शकते. निर्लेखन म्हणजे कर्जमाफी नव्हे.

तडजोडीने मिटवलेले : ठरलेल्या येण्यापेक्षा कमी रक्कम स्वीकारून संस्थेने खाते मिटवले आहे. एकरकमी तडजोडीनंतर संस्था बेबाकी दाखला देते. मात्र दाखला मिळाला तरी अहवालातील नोंद 'बंद' न होता 'तडजोडीने मिटवलेले' अशी राहते. ८ जून २०२३ च्या रिझर्व्ह बँकेच्या चौकटीनुसार, शेतीकर्जे वगळता इतर कर्जांत तडजोड केलेल्या कर्जदाराला त्याच संस्थेकडून नवे कर्ज मिळण्यापूर्वी किमान १२ महिन्यांचा कालावधी जावा लागतो.

पुनर्रचित : हप्ता, मुदत किंवा व्याज यांच्या अटी बदलून दिल्या आहेत. नैसर्गिक आपत्तीमुळे झालेली पुनर्रचना आणि कोविड-१९ मुळे झालेली पुनर्रचना यांसाठी वेगळ्या नोंदी आहेत, जेणेकरून पुढील संस्थेला कारण समजावे. मार्च ते ऑगस्ट २०२० या काळातील हप्तेस्थगिती पत माहिती कंपन्यांना थकबाकी म्हणून कळवू नये, असा रिझर्व्ह बँकेचा आदेश होता.

विकलेले खाते : कर्ज मालमत्ता पुनर्रचना कंपनीला विकले गेले आहे. त्यानंतर येणे त्या कंपनीचे होते आणि पुढील माहितीही तीच कळवते. जुन्या बँकेत पैसे भरण्यास गेलेल्या कर्जदाराला याचा प्रथम पत्ता लागतो, असे अनेकदा घडते.

तडजोडीचा प्रस्ताव स्वीकारताना कर्जदाराला दोन गोष्टींत निवड करावी लागते. सवलत घेतल्यास रक्कम वाचते, परंतु नोंद राहते. संपूर्ण रक्कम भरल्यास खाते 'बंद' असे दिसते, मात्र पूर्वीच्या महिन्यांतील थकबाकीचे आकडे तसेच राहतात. तडजोड झाल्यानंतरही उरलेली रक्कम भरून नोंद 'बंद' अशी करून घेता येते, मात्र त्यासाठी संस्थेने ती रक्कम स्वीकारून सुधारित माहिती कळवणे आवश्यक असते.

न्यायालयीन कारवाई आणि अहवाल

न्यायालयाची माहिती अहवालात कशी येते

पत माहिती कंपन्यांना माहिती पुरवण्याचे काम सदस्य पतसंपादक संस्थांचे आहे. दिवाणी न्यायालये, कर्जवसुली न्यायाधिकरणे किंवा ग्राहक आयोग आपले निकाल या कंपन्यांना कळवत नाहीत. त्यामुळे न्यायालयीन घडामोड अहवालात येते ती कर्जखात्याला जोडलेल्या एका स्थितीच्या रूपाने. या रकान्यात 'दावा दाखल नाही', 'दावा दाखल', 'हेतुपुरस्सर कर्जबुडवा' किंवा 'दावा दाखल व हेतुपुरस्सर कर्जबुडवा' यांपैकी एक नोंद असते.

ही नोंद दावा दाखल होताच होऊ शकते. तिच्यासाठी निकालाची वाट पाहिली जात नाही. म्हणजेच 'दावा दाखल' याचा अर्थ कर्जदाराविरुद्ध निकाल लागला असा होत नाही. संस्थेने न्यायालयाचा मार्ग धरला आहे, एवढेच त्यावरून समजते.

वसुलीचे मार्ग

बँका साधारणतः तीन मार्गांनी कायदेशीर वसुली करतात. पहिला, दिवाणी न्यायालयात दावा. दुसरा, १९९३ च्या कायद्याखालील कर्जवसुली न्यायाधिकरण. ६ सप्टेंबर २०१८ पासून २० लाख रुपये व त्याहून अधिक रकमेची प्रकरणे तेथे चालतात. तिसरा, २००२ चा सरफेसी कायदा. त्यानुसार ६० दिवसांची नोटीस देऊन बँक न्यायालयात न जाता तारण मालमत्तेचा ताबा घेऊ शकते. या तिसऱ्या मार्गात दावा दाखल होत नसला, तरी खाते आधीच अनुत्पादक ठरलेले असल्याने अहवालावर परिणाम झालेलाच असतो. ताबा घेतलेली मालमत्ता विकून येणे पुरते फिटले नाही, तर उरलेली रक्कम खात्यात थकीत दिसत राहते.

हुकूमनाम्यानंतर

न्यायालयाने बँकेच्या बाजूने हुकूमनामा केला तरी अहवालात त्याची वेगळी ओळ उमटत नाही. मूळ कर्जखाते थकीत किंवा निर्लेखित म्हणून चालू राहते. रक्कम वसूल झाल्यावर संस्थेने ते बंद म्हणून कळवायचे असते. निकाल कर्जदाराच्या बाजूने लागला, दावा फेटाळला गेला किंवा मागे घेतला गेला, तर 'दावा दाखल' ही नोंद बदलण्याची जबाबदारीही संस्थेचीच आहे. निकालाची प्रत पत माहिती कंपनीकडे आपोआप पोहोचत नसल्यामुळे कर्जदाराने ती जोडून दुरुस्तीचा अर्ज करणे आवश्यक ठरते.

लोकन्यायालयात झालेल्या तडजोडीचा निवाडा १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण अधिनियमानुसार दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्यासमान मानला जातो आणि त्यावर अपील नसते. त्याने वाद संपतो. परंतु येण्यापेक्षा कमी रकमेवर तडजोड झाली असल्यास अहवालात ती 'तडजोडीने मिटवलेले' अशीच दिसते. लोकन्यायालयात प्रकरण मिटले म्हणजे अहवालही कोरा झाला, हा समज चुकीचा आहे.

हेतुपुरस्सर कर्जबुडवे आणि जाहीर याद्या

परतफेडीची क्षमता असूनही कर्ज न फेडणाऱ्या, किंवा कर्जाची रक्कम अन्यत्र वळवणाऱ्या कर्जदाराला हेतुपुरस्सर कर्जबुडवा असे म्हणतात. ३० जुलै २०२४ च्या रिझर्व्ह बँकेच्या निर्देशांनुसार २५ लाख रुपये व त्याहून अधिक येणे असलेल्या खात्यांना ही संज्ञा लागू होते. ती लावण्यापूर्वी कारणे दाखवा नोटीस, ओळख समितीची तपासणी आणि पुनरावलोकन समितीचा निर्णय असे टप्पे पार करावे लागतात. स्टेट बँक ऑफ इंडिया विरुद्ध जाह डेव्हलपर्स या २०१९ च्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने असे ठरवले की, या अंतर्गत समित्यांपुढे वकील देण्याचा हक्क कर्जदाराला नाही, परंतु पहिल्या समितीचा आदेश त्याला मिळाला पाहिजे आणि पुनरावलोकन समितीकडे लेखी म्हणणे मांडण्याची संधी दिली पाहिजे.

एक कोटी रुपये व त्याहून अधिक येणे असलेल्या, दावा दाखल झालेल्या खात्यांच्या आणि हेतुपुरस्सर कर्जबुडव्यांच्या याद्या पत माहिती कंपन्यांच्या संकेतस्थळांवर कोणालाही पाहता येतात. वैयक्तिक अहवाल गोपनीय असतो, या याद्या मात्र सार्वजनिक असतात. लहान कर्जदाराच्या बाबतीत 'दावा दाखल' ही नोंद केवळ त्याच्या अहवालात दिसते.

अहवालात न येणाऱ्या बाबी

सावकार, नातेवाईक किंवा मित्र यांच्याकडील उसनवारी, घरभाड्याची थकबाकी, पोटगीचे आदेश, महानगरपालिकेचा थकीत मालमत्ता कर, वाहतूक दंड आणि खासगी व्यक्तींमधील पैशांच्या दाव्यांचे हुकूमनामे पत माहिती अहवालात नोंदले जात नाहीत. धनादेश न वटल्याबद्दल परक्राम्य संलेख अधिनियमाच्या कलम १३८ खाली चालणारा फौजदारी खटलाही अहवालात दिसत नाही. मात्र तो धनादेश कर्जाच्या हप्त्याचा असेल, तर चुकलेला हप्ता दिसतोच.

व्यक्तीची दिवाळखोरी हा अमेरिकी अहवालातील मोठा विषय भारतात मर्यादित आहे. २०१६ च्या दिवाळखोरी संहितेतील व्यक्तींविषयीच्या तरतुदी १ डिसेंबर २०१९ पासून केवळ कंपन्यांच्या कर्जांना वैयक्तिक हमी देणाऱ्यांपुरत्या लागू झाल्या. इतर व्यक्तींसाठी मुंबई, कोलकाता व चेन्नई येथे १९०९ चा आणि अन्यत्र १९२० चा जुना कायदा लागू राहिला.

जामीनदाराचे दायित्व

भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम १२८ नुसार, करारात वेगळे काही ठरले नसल्यास, जामीनदाराचे दायित्व मुख्य कर्जदाराच्या दायित्वाइतकेच व्यापक असते. त्यानुसार हमी दिलेले कर्ज जामीनदाराच्या स्वतःच्या अहवालातही 'जामीनदार' या मालकीप्रकाराखाली दिसते. कर्जदाराचे हप्ते थकले की तीच थकबाकी जामीनदाराच्या इतिहासात उमटते आणि बँकेने दोघांविरुद्ध दावा लावल्यास ती स्थितीही दिसते. केवळ ओळखीखातर सही केलेल्या व्यक्तीला अनेक वर्षांनी स्वतःचे गृहकर्ज मागताना ही नोंद प्रथमच कळते. मुख्य कर्जदाराने वा जामीनदाराने, कोणीही रक्कम भरली तरी ती नोंद दोघांच्याही अहवालात सुधारली जाते.

मुदत कायदा आणि नोंदींचा कालावधी

मुदत अधिनियम, १९६३ नुसार साध्या कर्जाच्या वसुलीचा दावा सामान्यतः तीन वर्षांत लावावा लागतो. स्थावर मालमत्तेच्या गहाणावरील रकमेसाठी ही मुदत १२ वर्षे आहे आणि हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीची दरखास्त १२ वर्षांपर्यंत करता येते. कर्जदाराने मुदतीच्या आत लेखी कबुली दिल्यास किंवा काही रक्कम भरल्यास मुदत नव्याने सुरू होते.

मुदत संपल्याने दाव्याचा मार्ग बंद होतो, परंतु कर्ज नाहीसे होत नाही. बॉम्बे डाइंग कंपनी विरुद्ध मुंबई राज्य या १९५८ च्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हे तत्त्व मांडले आहे. त्यामुळे मुदतबाह्य कर्जाची नोंदही अहवालातून आपोआप निघत नाही.

पत माहिती कंपन्यांनी माहिती किमान सात वर्षे जतन करावी, असा नियम आहे. सात वर्षांनी नोंद पुसली जाते हा लोकप्रिय समज या नियमातून आणि अमेरिकी कायद्याच्या माहितीतून आला आहे. भारतीय नियमातील सात वर्षे ही किमान मर्यादा आहे, कमाल नव्हे. न फेडलेले निर्लेखित खाते संस्था कळवत राहिल्यास ते सात वर्षांनंतरही दिसू शकते.

चुकीची दुरुस्ती व तक्रार

अधिनियमाच्या कलम २१ नुसार व्यक्तीला आपली पत माहिती मिळवण्याचा आणि चूक दुरुस्त करून घेण्याचा हक्क आहे. प्रत्येक कंपनीने वर्षातून एकदा संपूर्ण अहवाल गुणांकासह मोफत द्यावा, हा नियम जानेवारी २०१७ पासून लागू झाला. चार कंपन्या असल्याने वर्षभरात चार अहवाल विनामूल्य मिळू शकतात. नामसाधर्म्यामुळे दुसऱ्याचे कर्ज आपल्या नावावर दिसणे, फेडलेले कर्ज चालू दिसणे, बनावट कागदपत्रांवर काढलेले कर्ज आणि मिटलेला दावा तसाच राहणे या नेहमी आढळणाऱ्या चुका आहेत.

पत माहिती कंपनी स्वतःहून नोंद बदलू शकत नाही. संबंधित संस्थेने बदल योग्य असल्याचे प्रमाणित करावे लागते. म्हणून तक्रार दोन्हीकडे करणे सोयीचे ठरते. अर्जासोबत बेबाकी दाखला, भरणापावत्या, खातेउतारा, तडजोडपत्र किंवा न्यायालयाच्या आदेशाची प्रमाणित प्रत जोडावी लागते.

२६ ऑक्टोबर २०२३ च्या परिपत्रकाने तक्रारीला कालमर्यादा घातली. तक्रार आल्यापासून ३० दिवसांत निवारण न झाल्यास त्यापुढील प्रत्येक दिवसामागे १०० रुपये भरपाई तक्रारदाराला द्यावी लागते. पतसंपादक संस्थेने २१ दिवसांत सुधारित माहिती पाठवली नाही, तर भरपाईचा भार तिच्यावर पडतो. संस्थेने वेळेत माहिती पाठवूनही पत माहिती कंपनीकडून विलंब झाला, तर कंपनीवर पडतो. ही तरतूद २६ एप्रिल २०२४ पासून लागू झाली. १ सप्टेंबर २०२२ पासून पत माहिती कंपन्यांविरुद्धची तक्रार रिझर्व्ह बँकेच्या एकात्मिक लोकपालाकडेही नेता येते.

माहिती महिन्यातून एकदा कळवण्याची जुनी पद्धत बदलून १ जानेवारी २०२५ पासून ती पंधरवड्याने कळवणे सक्तीचे झाले. त्यामुळे थकबाकी लवकर उमटते, तसेच भरणाही लवकर दिसतो.

महाराष्ट्रातील संदर्भ

महाराष्ट्रात कर्जाची नोंद पत माहिती अहवालाखेरीज इतर अभिलेखांतही असते. शेतजमीन तारण ठेवल्यास सातबारा उताऱ्याच्या 'इतर हक्क' या रकान्यात बोजा चढतो. जप्तीचा आदेशही तेथे नोंदला जाऊ शकतो. कर्ज फेडल्यावर अहवालातील खाते बंद झाले, तरी बोजा कमी करण्यासाठी तलाठ्याकडे स्वतंत्र अर्ज करावा लागतो. त्याउलट बोजा उतरला म्हणून अहवाल सुधारत नाही.

सहकारी संस्थांना महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम १०१ खाली निबंधकाकडून वसुली दाखला मिळवता येतो. त्याआधारे दिवाणी दाव्याशिवाय जप्ती करता येते. नागरी सहकारी बँका पतसंपादक संस्थांच्या व्याख्येत येतात, म्हणून त्यांची थकबाकी अहवालात दिसते. सहकारी पतसंस्थांचा मात्र त्या व्याख्येत नावाने समावेश नाही. त्यामुळे पतसंस्थेचा वसुली दाखला असूनही एखाद्याचा अहवाल निर्दोष दिसू शकतो.

पीककर्जासाठी गुणांकाची अट हा राज्यात वादाचा विषय ठरला आहे. अवर्षण, गारपीट किंवा पडलेले भाव यांमुळे थकलेले कर्ज आणि बेजबाबदारपणे थकवलेले कर्ज यांतील फरक गुणांकातून कळत नाही, असा शेतकरी संघटनांचा आक्षेप असतो. पीककर्ज देताना बँकांनी सिबिलचा आग्रह धरू नये, अशी भूमिका राज्य शासनाने राज्यस्तरीय बँकर्स समितीत वेळोवेळी मांडली आहे. २०१७ ची छत्रपती शिवाजी महाराज शेतकरी सन्मान योजना आणि २०१९ ची महात्मा जोतीराव फुले शेतकरी कर्जमुक्ती योजना यांतून थकीत कर्जे फिटली, तरी माफीपूर्वीच्या महिन्यांची थकबाकी परतफेडीच्या इतिहासाचा भाग असते.

इतर देशांतील पद्धती

अमेरिकेत १९७० च्या फेअर क्रेडिट रिपोर्टिंग कायद्यानुसार थकीत व निर्लेखित खाती सात वर्षे आणि दिवाळखोरी दहा वर्षांपर्यंत अहवालात राहू शकते. दिवाणी निवाड्यांची नोंद करण्यास कायद्याची मुभा आहे. अनेक दशके पत माहिती कंपन्या न्यायालयीन अभिलेखांतून निवाडे गोळा करून अहवालात दाखवत असत. परंतु त्या अभिलेखांत जन्मतारीख किंवा सामाजिक सुरक्षा क्रमांक नसल्याने एकाचा निवाडा दुसऱ्याच्या नावावर चढे. २०१५ मध्ये विविध राज्यांच्या महाधिवक्त्यांशी झालेल्या समझोत्यानंतर ओळखीचे व अद्ययावततेचे निकष कडक झाले. परिणामी जुलै २०१७ पासून दिवाणी निवाडे आणि एप्रिल २०१८ पर्यंत करविषयक बोजे तीन मोठ्या कंपन्यांच्या अहवालांतून वगळले गेले. मूळ थकीत कर्जाची नोंद मात्र राहते.

इंग्लंड व वेल्समध्ये याउलट व्यवस्था आहे. तेथील काउंटी न्यायालयाचा पैशांविषयीचा निवाडा सार्वजनिक नोंदवहीत जातो आणि तेथून सहा वर्षांसाठी पत अहवालात येतो. एका महिन्याच्या आत संपूर्ण रक्कम भरल्यास नोंद काढून टाकता येते. त्यानंतर भरल्यास ती 'पूर्तता झालेली' अशी खूण लागून सहा वर्षे राहते.

टीका व चर्चा

भारतीय व्यवस्थेवरील मुख्य आक्षेप असा की, नोंद करणारी संस्था स्वतः वादातील पक्षकार असते. व्याज, दंड किंवा विमाहप्ता यांवरून कर्जदाराचा संस्थेशी प्रामाणिक मतभेद असला, तरी वाद मिटेपर्यंत संस्थेचा हिशेबच अहवालात राहतो. लहान रकमेसाठी न्यायालयात जाणे परवडत नसल्याने अनेक कर्जदार गृहकर्जाच्या गरजेपोटी मान्य नसलेली रक्कमही भरून टाकतात. याच्या उलट बाजूने बँकांचे म्हणणे असे की, न्यायालयीन निकालाला अनेक वर्षे लागतात. तोवर नोंद रोखून धरल्यास पुढील कर्जदात्याला जोखीम कळणार नाही आणि त्याचा भार शेवटी नियमित परतफेड करणाऱ्यांवर व्याजाच्या रूपाने पडेल.

अहवालाचा वापर कर्जापलीकडे होऊ लागल्याने चर्चेला नवे वळण मिळाले आहे. काही बँका नोकरभरतीत उमेदवाराचा पतइतिहास पाहतात. शैक्षणिक कर्जाबाबत केरळ उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये असे मत दिले की, केवळ गुणांक कमी आहे म्हणून विद्यार्थ्याचा अर्ज नाकारू नये, कारण विद्यार्थी उद्या राष्ट्र घडवणारा असतो आणि त्याची भावी परतफेडक्षमता पाहिली पाहिजे. थकबाकी का झाली याची नोंद करण्याची सोय नैसर्गिक आपत्ती व कोविड-१९ या प्रसंगांपुरती झालेली आहे. आजारपण किंवा रोजगार जाणे यांसारख्या कारणांसाठी अहवालात तसा रकाना नाही.

हे सुद्धा पाहा

• भारतीय रिझर्व्ह बँक
• अनुत्पादक मालमत्ता
• कर्जवसुली न्यायाधिकरण
• लोकन्यायालय
• सातबारा उतारा